लिपी फारसी, कथा रामायणाची, वाचणार कोण?

परभणी : एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन करण्यासाठी केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेची घोषणा केली. परभणीसारख्या जिल्ह्यात मात्र जुना कागद टिकविण्याइतकाच तो वाचण्याचा प्रश्न बिकट आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचा कारभार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रामुख्याने फारसीत, नंतर उर्दूत चाले. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा उर्दू व मोडी जाणणाऱ्यांची निकड प्रकर्षाने जाणवली. फारसीची स्थिती याहून वेगळी नाही.

फारसी पोथी म्हणजे इस्लामी धर्मग्रंथ, ही समजूत नोंदणीच्या मुळावर येणारी आहे. अकबराच्या आज्ञेने १५८२ मध्ये महाभारताचे फारसी भाषांतर सुरू झाले. तोच ‘रज्मनामा’. पंडितांनी संस्कृतचा अर्थ हिंदवीत सांगायचा आणि नकीब खान, बदायुनी आदींनी तो फारसीत उतरवायचा, अशी रीत होती. १५८७ मध्ये अबुल फजलने त्यास प्रस्तावना लिहिली. बदायुनीला हे काम मनातून नकोसे होते; तरीही रामायणाचे भाषांतर त्याच्याच माथी आले आणि त्यात त्याची सुमारे चार वर्षे गेली. त्याआधी दख्खनमधून आलेल्या, इस्लाम स्वीकारलेल्या शेख भावन या विद्वान ब्राह्मणाच्या साह्याने अथर्ववेद हाती घेण्यात आला होता. परंतु त्यातील दुर्बोध वचनांपाशी बदायुनी अडला.

या इतिहासाचा एक धागा पाथरीपर्यंत येतो. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असे फिरिश्ता आपल्या फारसी इतिहासात सांगतो. १५९७ च्या आरंभी याच परिसरात, गोदावरीच्या खोऱ्यात, अब्दुल रहीम खानखानाने विजापूरचा सेनापती सुहेल खान याचा पराभव केला. त्याच सुमारास खानखानाच्या आश्रयाने फारसी रामायणाची सचित्र प्रत सिद्ध होत होती. बादशाही प्रतीवरून ती करून घेतल्याची नोंद त्याने स्वतः तीवर केली आहे. आज ती वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहालयात आहे.

पुढे १६५७ मध्ये दारा शुकोहने उपनिषदे फारसीत आणली. त्यावरून १८०१-०२ मध्ये लॅटिन भाषांतर प्रसिद्ध झाले आणि युरोपला उपनिषदांचा परिचय घडला.

म्हणूनच नोंदणीच्या तक्त्यात भाषा, लिपी व विषय हे तीन रकाने स्वतंत्र हवेत आणि ते भरणारा फारसीचा जाणकार सर्वेक्षकासोबत हवा. अन्यथा लिपी पाहूनच पोथीचा धर्म ठरेल आणि एखाद्या वाड्यातील फारसी रामायण ‘अज्ञात’ म्हणून बासनातच राहील.