हगवण आली की बोट कुणाकडे दाखवायचं?

गाळप हंगाम सुरू झाला, टोळ्या उतरल्या आणि गावात दोन-चार पोरांना जुलाब-उलट्या लागल्या, की पारावर एकच बोलणं निघतं : "कोप्यांवरनंच आलंय हे." यंदाही निघेल. म्हणून हंगामाआधीच हा विषय सभासद बंधू-भगिनींपुढे मांडीत आहे.

मी हल्ली बराच काळ मुलाकडे, मीरा रोडच्या नया नगरात असतो. तिथं कोप्या नाहीत, बैलगाड्या नाहीत. पण बोट दाखवण्याची रीत हीच. इमारतीतली पोरं आजारी पडली की पहिला संशय धुणीभांडी करणाऱ्या बाईवर, दुसरा पाणीपुरीवाल्यावर. पण जो चार दिवसांपूर्वी जुलाबातून उठला आणि आता बरा झालो म्हणून पंगतीत वाढायला उभा राहिला, त्याच्याकडे कुणी बघत नाही. आणि सणासुदीला गावी जाणाऱ्या एसटीत हाच गडी आपल्या शेजारी बसलेला असतो.

पोटाच्या विषाणूंची खोड अशी की, रोगी कोण हे चेहऱ्यावर दिसत नाही. नोरोव्हायरस नावाचा जो उलट्या-जुलाबांचा विषाणू आहे, तो माणूस खडखडीत बरा झाल्यावरही दोन-दोन आठवडे, कधी त्याहून अधिक, शौचावाटे पडत राहतो. काहींना तर लागण होऊनही पोटात साधी कळ येत नाही. लहान पोरांच्या काविळीचंही तेच. 'अ' प्रकारच्या काविळीची लागण झालेली पुष्कळ लहान मुलं पिवळी पडतच नाहीत, पण घरातल्या थोरांना ती देऊन मोकळी होतात. पोलिओत तर सुमारे २०० लागणींमागे एकालाच लुळेपण येत असे, आणि बहुतेकांना काहीच होत नसे. म्हणून केवळ लुळी पोरं मोजून भागेना; २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यात पोलिओचा विषाणू आहे का, हे तपासलं जाऊ लागलं. जे माणसाच्या तोंडावर दिसत नव्हतं ते गटाराच्या पाण्यात दिसलं! आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मधला, पश्चिम बंगालमधला.

पण लक्षणांवाचूनची लागण दर वेळी वाईटच असते असंही नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत नवलाची वाटते. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बाळांच्या शौचात रोटाव्हायरस सापडला. लहान पोरांचे प्राण घेणाऱ्या जुलाबांचं हे मोठं कारण. पण ही बाळं मजेत होती, दूध पीत होती. पुढं लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की अशा बाळांना नंतर रोटाचे भारी जुलाब कमी होतात. निसर्गानं परस्पर लस टोचल्यासारखंच की हे! त्या बाळांतल्याच '११६-ई' या वाणापासून पुढं तोंडावाटे देण्याची लस तयार झाली. तिची मोठी चाचणी २०११ पासून तीन ठिकाणी झाली : दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रामार्फत शिरूर तालुक्यातल्या वढूच्या पट्ट्यात. संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू बुद्रुक, तेच. म्हणजे उसाच्या मुलखातल्या आयाबायांनी आपली तान्ही पोरं पुढं केली, तेव्हा ही लस सिद्ध झाली. सरकारी लसीकरणात ती २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही आपली वेगळी रोटा लस काढली.

त्या चाचणीत भारी जुलाबांपासून संरक्षण मिळालं ते निम्म्याहून थोडं अधिक. श्रीमंत देशांत तिथल्या रोटा लसी यापेक्षा बऱ्याच अधिक गुण देतात. मग आपल्याच पोरांच्या पोटात लस अशी अडखळते का? कारणं अनेक सांगतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती, कुपोषण, वरचेवर होणारे पोटाचे संसर्ग. त्यातच एक संशय आतड्यातल्या जिवाणूंवर आहे. आफ्रिकेतल्या घाना देशात २०१७ साली असं आढळलं की, ज्या बाळांना लस लागू पडली त्यांच्या आतड्यातले जिवाणू हॉलंडमधल्या बाळांशी अधिक मिळतेजुळते होते. वेल्लोरच्या बाळांत मात्र असा स्पष्ट संबंध दिसला नाही. तेव्हा एवढ्यावरून ताकाला लस म्हणू नये.

जिवाणूंचं नातं दुपदरी आहे. २०११ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला, त्यात आतड्यातले जिवाणू औषधानं मारल्यावर पोलिओचा जोर कमी झाला; म्हणजे विषाणू त्या जिवाणूंचा आधार घेत होता. उलट २०१९ मध्ये एका जातीच्या जिवाणूनं उंदरांना रोटापासून वाचवलं. रानात जसं एकच गवत कुठं बांध धरतं आणि कुठं उसाला खातं, तसलाच हा प्रकार. यातून शेतकऱ्याच्या घरापुरतं एवढं समजतं, की विषाणूच्या जुलाबावर जंतुनाशक गोळ्यांचा मारा करण्यात अर्थ नाही. विषाणू त्यानं मरत नाही, आणि आतड्यातलं रान मात्र जळून जातं. पातळ जुलाबांना क्षारसंजीवनीचं पाणी आणि पोरांना झिंक. शौचात रक्त पडलं, पोर मलूल झालं, तर डॉक्टर गाठावा. 'एक सुई मारा' म्हणून हट्ट धरू नये.

आता कारखान्याकडे वळतो. टोळी आजार आणते असं म्हणणाऱ्यांनी एकदा कोप्यांवर जाऊन बघावं. पिण्याचं पाणी कुठून येतं, संडास किती, साबण कुणाकडं? आपण सहा महिने ज्यांच्या कोयत्यावर उभे असतो त्यांना उघड्यावर बसायला लावायचं आणि वर त्यांनाच रोगाचं घर म्हणायचं, हे मला पटत नाही. आपणही त्या विषाणूचे वाहक असू शकतो, हे वर सांगितलंच आहे. संचालक मंडळानं कोप्यांच्या जागी क्लोरिन घातलेल्या पाण्याच्या टाक्या आणि तात्पुरते संडास यांचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. कार्यस्थळावरच्या जेवणावळीत, वार्षिक सभेच्या पंगतीतसुद्धा, जुलाब थांबून दोन दिवस झाले नसतील त्यानं स्वयंपाकाला व वाढायला उभं राहू नये. त्यानंतरही साबणानं हात धुवूनच. हाताला चोळायचं ते सॅनिटायझर नोरोव्हायरसला फारसं भीत नाही, साबण-पाणीच हवं.

दुसरं काम बिनखर्चाचं आहे. रोटाची लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना द्यायची असते आणि पहिला डोस वर्षाच्या आत पडावा लागतो. बाळ नेमकं त्याच दिवसांत बीडहून आपल्याकडे आलेलं असतं. गावच्या यादीतून सुटतं आणि इथल्या यादीत येत नाही. शेतकी खात्याकडे टोळीवार नोंद असतेच : मुकादमाचं नाव, गाव, कोयते किती. त्याच कागदावर 'वर्षाखालील बाळे व जन्मतारीख' असा आणखी एक रकाना आखावा, आणि टोळ्या उतरल्याच्या आठवड्यात त्याची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंकडे पोचती करावी.