रक्तशर्करेचा आकडा आणि मनाची स्वस्थता

कोणत्याही औषधयोजनेचा हिशेब मांडताना आयुष्य किती वाढले, व्याधीचे दुष्परिणाम किती टळले आणि खर्च किती आला, हे प्रश्न आपण प्रथम विचारतो. त्या योजनेबरोबर अहोरात्र जगणाऱ्या माणसाच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न सहसा शेवटी येतो. पुष्कळदा येतच नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या बाबतीत मात्र तो आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी वा आळशी राहणीशी त्याचा संबंध नाही. तो बालपणी जडतो, तसा तिशी-चाळिशीतही जडतो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. तोपर्यंत या व्याधीचे निदान म्हणजे मृत्यूची वर्दीच होती. इन्सुलिनने मृत्यू दूर सारला. पण निरोगी शरीरात स्वादुपिंड जे काम मुकाट्याने करते, ते रोग्याच्या डोक्यावर आले. पोळ्या किती खाल्ल्या, चालणे किती झाले, ताप आहे काय, हे पाहून दिवसातून अनेकदा इन्सुलिनची मात्रा ठरवायची. मात्रा कमी पडली तर साखर चढते. अधिक झाली तर घाम, थरथर, भ्रम आणि क्वचित बेशुद्धी.

अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने हा पेच आकड्यांत मांडला. ज्यांचे डोळे आरंभी निकोप होते, त्यांच्यात कसोशीच्या नियंत्रणामुळे दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण अशा रुग्णांत साखर गंभीर प्रमाणात खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. म्हणजे उद्याच्या अंधत्वाची भीती कमी करायची, तर आज रात्रीच्या बेशुद्धीची भीती पत्करायची! या सततच्या ओझ्याला ‘मधुमेहजन्य मनस्ताप’ म्हणता येईल. तो नैराश्याहून वेगळा आहे. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तो मोजण्यासाठी प्रश्नांची मोजपट्टी तयार केली.

या पार्श्वभूमीवर नवी यंत्रे आली. दंडावर वा पोटावर चिकटवलेला संवेदक त्वचेखालील द्रवातील साखर मोजतो. दर पाच मिनिटांनी एक, या हिशेबाने दिवसाला २८८ आकडे मिळतात. बोटाला सुई टोचून असे चार-पाचच मिळत. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या यंत्रात संवेदक आणि इन्सुलिनचा पंप यांची सांगड घातली गेली, आणि मूळ मात्रा कमी-अधिक करण्याचे काम यंत्र स्वतः करू लागले. ज्याला रात्री एकटे झोपण्याची धास्ती वाटत होती, त्याला साखर घसरताच जागे करणारा पहारेकरी मिळाला. हा लाभ फार मोठा आहे. तो कमी लेखणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि या लाभाची मर्यादाही पाहिली पाहिजे. अमेरिकेत १५८ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संवेदक वापरणाऱ्यांचा मधुमेहजन्य मनस्ताप कमी झाला आणि घसरत्या साखरेला तोंड देण्याचा आत्मविश्वास वाढला. परंतु त्यांच्या सर्वसाधारण मनःस्वास्थ्यात तशी सुधारणा आढळली नाही. भीती कमी होणे आणि मन स्वस्थ होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हे असे का व्हावे? अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच एक मर्म दाखवून दिले होते: माहिती विपुल झाली की माणसाचे अवधान दुर्मिळ होते. २८८ आकड्यांपैकी प्रत्येक आकडा थोडे लक्ष मागतो. वर्गात फळ्यावर लिहीत असताना, कचेरीत हिशेब जुळवत असताना, मध्यरात्री, इशाऱ्याची घंटा वाजते. काही वेळा अकारणही वाजते. त्यात २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मतैक्याने बहुतेक प्रौढांपुढे उद्दिष्ट ठेवले, की दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ साखर ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी. वैद्यकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण परीक्षापद्धतीत वाढलेल्या आपल्या समाजात ‘सत्तर टक्के’ म्हटले की गुणपत्रिकाच आठवते. आकडा उपचाराची दिशा दाखवण्याऐवजी माणसाच्या वर्तनावर निकाल देऊ लागतो. तोच आकडा पत्नीच्या वा वडिलांच्या फोनवरही दिसत असेल, तर काळजी आणि पाळत यांतील सीमारेषा पुसट होते.

यावर कोणी म्हणेल, की यंत्र नकोसे असेल तर काढून ठेवावे. हा युक्तिवाद उथळ आहे. प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नाही. ते कोणत्या अटींवर वापरावे हा आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने मार्च २०२२ मध्ये पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या सर्व प्रौढांना संवेदक देऊ करावा, अशी शिफारस केली. तेथे तो सार्वजनिक आरोग्यसेवेतून मिळतो. आपल्याकडे हा खर्च बव्हंशी रोग्याच्या खिशातून होतो. दर पंधरवड्याला हजारो रुपयांचा संवेदक विकत घेणाऱ्या कारकुनाला तो बसच्या गर्दीत निघून पडण्याचीही चिंता वाहावी लागते. एक मनस्ताप कमी करताना दुसरा पदरी पडतो. ज्यांना साध्या तपासणीच्या पट्ट्याही परवडत नाहीत, त्यांची तर गोष्टच वेगळी.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पट्ट्या आणि संवेदक यांची सार्वजनिक खरेदी करून ते सरकारी रुग्णालयांतून गरजूंना माफक दरात मिळावेत. डॉक्टरांनी आलेखाबरोबर मनस्तापाचीही नियमित विचारपूस करावी, आणि कोणता इशारा चालू ठेवावा, कोणता बंद करावा, आकडे कोणाला दिसावेत, हे ठरवण्याचा अधिकार प्रौढ रुग्णाचाच मानावा. तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. परीक्षागृहात पर्यवेक्षकाने दंडावरच्या संवेदकाकडे संशयाने पाहू नये. साहेबांनी वाजणाऱ्या घंटेवर कपाळाला आठ्या घालू नयेत. आणि शेजाऱ्याने ‘गोड फार खाल्ले असेल’ हे निदान स्वतःजवळच ठेवावे. यांपैकी कशालाही अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही, आणि यंत्राला जे साधत नाही, त्यातले बरेचसे यातून साधेल.