विक्रेत्यानें गिऱ्हाईक पारखावें काय?

माल द्यावा व दाम घ्यावें, एवढेंच दुकानदाराचें काम. घेणाऱ्याच्या हेतूची चौकशी करण्याचा त्यास अधिकार नाहीं, असें व्यापारांत सामान्यतः मानलें जातें. धान्य-कापडाच्या बाबतींत हें आम्हांसही मान्य आहे. परंतु पिकांवर फवारावयाच्या विषारी औषधांस तोच न्याय लावावा काय, हा प्रश्न वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना २० हून अधिक माणसें दगावलीं व शेंकडों माणसांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. त्यांत मोलमजुरी करणारेही होते. बाटली विकत घेणारा एक आणि पाठीवर पंप घेऊन तिचा वास छातींत भरून घेणारा दुसरा, असा हा प्रकार आहे. गिऱ्हाईक आपण असतों. विष मात्र मजुराच्या अंगावर उडतें.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें १९८५ सालीं कीटकनाशकांविषयीं आचारसंहिता संमत केली. जीं औषधें हाताळण्यास गैरसोयीचीं, महाग किंवा सहज न मिळणारीं संरक्षक साधनें लागतात, तीं टाळावींत, उष्ण प्रदेशांतील लहान शेतकऱ्यांच्या बाबतींत तर विशेषच, असें तिच्या आजच्या स्वरूपांत सांगितलें आहे. भाद्रपदाच्या उकाड्यांत रबरी हातमोजे व मुखवटा घालून दिवसभर कोण फवारील, याचें उत्तर वाचकांनींच द्यावें.

कोणी म्हणेल, एकानें नाकारलें तर शेजारचा देईल. हें खरें, म्हणूनच हा नियम एकट्यादुकट्यानें नव्हे, तर शेतकऱ्यांच्या सहकारी भांडारांनीं मिळून प्रथम पाळावा. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गिऱ्हाईक नाकारण्याचा आपल्या देशांतील इतिहास लांछनास्पद आहे; अस्पृश्यतेच्या कारणावरून माल नाकारणें १९५५ च्या कायद्यानें गुन्हा ठरवावें लागलें. तेव्हां पारख माणसाची नव्हे, वापराची व्हावी. औषध कोणत्या पिकास, फवारणार कोण, त्याच्याजवळ साधनें आहेत कीं नाहींत, हे तीन प्रश्न पन्नास एकरांच्या धन्यास व दोन एकरांच्या कुळास सारखेच विचारावेत. साधनें नसल्यास तीं आधीं द्यावींत, अथवा सौम्य औषध सुचवावें. दोन्ही नको असतील, तर विक्री नाकारावी.

जें विष आपल्या मुलाच्या पाठीवर आपण देणार नाहीं, तें मजुराच्या पाठीवर देऊं नये. आणि तसें करूं पाहतांना एखाद्या दुकानदारानें आपणांस रिकाम्या हातीं परत पाठविलें, तर रागावून दुसरें दुकान न गांठतां पुढील व्यवहार त्याच्याशींच ठेवावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.