जपानी शिकायची, तर मराठीच्या बांधावरून



या सदरात आपण पीक, पाणी आणि जनावरे यांच्याविषयी बोलतो. आज वाट थोडी वाकडी करतो. गेली दोन-तीन वर्षे गावोगावच्या बैठकीत बी-खताचा विषय संपला, की एखादा बाप हळूच बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, पोरगं जपानला जायचं म्हणतंय. भाषेचा क्लास लावायचाय. एजंट आधी पैसे मागतोय. काय करावं?" कुणी दुभती म्हैस विकायला काढलेली असते, कुणी चार गुंठ्यांचे गिऱ्हाईक बघत असतो. दर वेळी उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहून टाकावे, असे ठरवले.

जपान हे नाव आपल्या शिवाराला नवे नाही. गादीवाफ्यावर रोपे, ओळीत लावणी आणि कोळपणी ही भातलागवडीची 'जपानी पद्धत' १९५३ च्या सुमारास आपल्याकडे आली, आणि कोकण-मावळातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ते नाव अजून आहे. आता वारे उलट्या दिशेने वाहते आहे. तिकडे शेतीत म्हातारी माणसे उरली आणि हात कमी पडले. म्हणून जपान सरकारने एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कौशल्य' या नावाचा नवा परवाना सुरू केला, आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबद्दल करार केला. त्यातल्या कामांत शेती आणि पशुपालन दोन्ही येतात. पहिल्या प्रकारच्या परवान्यावर एकूण पाच वर्षे राहता येते, मात्र बायको-मुलांना बरोबर नेता येत नाही. त्यासाठी कामाची परीक्षा द्यावी लागते आणि भाषेचीही.

भाषेची परीक्षा दोनपैकी कोणतीही एक चालते. एक म्हणजे जे.एल.पी.टी. हिच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ सर्वांत खालची, एन-१ सर्वांत वरची. आपल्याला एन-४ लागते. १८० पैकी ९० गुण हवेत, शिवाय प्रत्येक भागात ठरलेले किमान गुण पडावे लागतात. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आपल्याकडे पुण्या-मुंबईतही होते. दुसरी जे.एफ.टी. बेसिक. ती संगणकावर द्यायची असते आणि २५० पैकी २०० गुणांना उत्तीर्ण.

आता जाहिरातीत म्हणतात, 'तीन महिन्यांत जपानी, हमखास'. हिशेब करून बघा. २००९ पर्यंत या परीक्षेचे जुने स्वरूप होते. आजच्या एन-४ शी जुळणारी जी पायरी तेव्हा होती, तिला सुमारे ३०० तासांचा अभ्यास, ३०० चित्राक्षरे आणि दीड हजार शब्द धरलेले होते. रोज एक तास धरला तर दहा महिने झाले. तीन महिन्यांत उरकायचे तर रविवार न सोडता रोज तीन तासांहून जास्त बसावे लागेल. घरचे दूध काढून, पाणी धरून कोणता मुलगा एवढा बसतो, ते तुम्हीच सांगा. बसला तर आनंद आहे. पण 'हमखास' हा शब्द ज्या कागदावर असेल, त्या कागदाकडे मी बोगस बियाण्याच्या पिशवीकडे बघतो तसाच बघतो.

एवढे ऐकून कुणी घाबरेल, म्हणून आता गोड बाजू सांगतो. आपली पुष्कळ मुले इंग्रजीत मार खातात आणि मग धरून चालतात, की आपल्याला परकी भाषाच येणार नाही. जपानीच्या बाबतीत ही समजूत साफ चुकीची आहे. मी स्वतः भाचीच्या पुस्तकावरून संध्याकाळी बसून अक्षरे आणि पहिले धडे केले आहेत. पंडित नाही, पण एवढे नक्की सांगतो, की जपानी वाक्य मराठीच्या बांधाबांधानेच चालते.

हे वाक्य घ्या : 'कामा दे कुसा ओ कारिमास्.' कामा म्हणजे विळा, कुसा म्हणजे गवत, कारिमास् म्हणजे कापतो. 'दे' हा आपला 'ने'. म्हणजे 'विळ्याने गवत कापतो'. शब्दांचा क्रम जसाच्या तसा आहे. मधला 'ओ' हा कर्माला चिकटतो. आपण 'गाईला धुतो' म्हणताना 'ला' लावतो पण 'गवत कापतो' म्हणताना लावत नाही, ते मात्र सगळीकडे लावतात. इंग्रजीत हेच वाक्य करताना क्रियापद मध्येच ओढून आणावे लागते आणि विळा शेवटी टाकावा लागतो. जपानीत तसली उलथापालथ नाही.

आपले विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या मागून येतात, त्यांचेही तसेच. 'नो' म्हणजे चा-ची-चे : 'तानाका सान नो हाताके', तानाकांचे शेत. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत : 'हाचिजि कारा गोजि मादे', आठपासून पाचपर्यंत. प्रश्न विचारायचा तर शेवटी काय लावतात? 'का'! 'हाताके ए इकिमास् का?' म्हणजे 'शेतावर जाता का?' उत्तर : 'हाइ, इकिमास्', हो, जातो. कर्ता गाळला तरी आपल्याला कळते, त्यांनाही कळते. आणि 'आत्सुइ देस् ने' म्हणजे 'गरम आहे ना'. हा 'ने' तर अगदी आपल्या 'ना'सारखा समोरच्याची मान हलवून घेतो.

काही बाबतीत ती मराठीहून सोपी आहे. तो विळा, ती कुदळ, ते कोयते ही भानगड नाही. लिंग नाही. मी जातो, ती जाते, ते जातात या सगळ्यांना एकच 'इकिमास्'. उद्या जाईन, तरी तेच. गेलो म्हणजे 'इकिमाश्ता', जात नाही म्हणजे 'इकिमासेन'. आपल्यात तू, तुम्ही, आपण असे आहे तसे त्यांच्यातही मानाचे थर आहेत, आणि ते पुढे बरेच अवघड होतात. सुरुवातीला 'मास्' लावून बोलावे, म्हणजे 'तुम्ही' म्हटल्याची अदब राहते आणि कुणाचा मान दुखावत नाही. 'सान' हे आपल्या राव-ताईसारखे दुसऱ्याच्या नावाला लावायचे, स्वतःच्या नावाला कधीही नाही.

अक्षरांची भीती सगळ्यांना वाटते. तिथेही आपल्या घरातली एक ओळख निघते. त्यांची पहिली अक्षरे हिरागाना, मूळची ४६. दुसरी काताकाना, तीही तेवढीच. ती बाहेरून आलेल्या शब्दांसाठी वापरतात, जसे 'तोराकुताआ' म्हणजे ट्रॅक्टर, 'बिनीरु हाउसु' म्हणजे आपले पॉलिहाउस. या अक्षरांचा तक्ता कसा लावला आहे बघा : आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? वाटणारच. बौद्ध भिक्षूंनी मंत्र म्हणण्यासाठी संस्कृतची वर्णमाला अभ्यासली, तिच्यावरून हा क्रम जपानात बसला. 'हा'च्या जागी जुन्या काळी 'पा' उच्चारत, म्हणजे क-च-त-प-य-र-व ही आपलीच वाट. ज्याला बाराखडी येते, त्याला हा तक्ता आठ-दहा दिवसांत बसतो. रोज पाच अक्षरे पाटीवर गिरवायची. घरातल्या धाकट्या भावंडांनाही बसवा. ती मोठ्यापेक्षा लवकर शिकतात, आणि मग मोठ्यालाही लाजेने बसावे लागते.

एक पथ्य सांगतो. मी इथे देवनागरीत लिहिले आहे ते ओळख करून देण्यापुरते. पंधरा दिवसांनंतर वहीत जपानी शब्द देवनागरीत किंवा इंग्रजी अक्षरांत लिहू देऊ नका. ती कुबडी एकदा बसली, की सुटत नाही.

तिसरी अक्षरे कांजी, ती चित्राक्षरे. खरा घाम इथे आहे. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत ती २,१३६ आहेत, पण आपल्याला आरंभी तीनशेच्या आसपास पुरतात. शेतकऱ्याच्या पोराने शेतापासून सुरुवात करावी. भातखाचराचे अक्षर 'ता' म्हणजे एक चौकोन आणि त्यात मधोमध उभा-आडवा बांध, चार वाफे पाडल्यासारखा. कोरडवाहू शेताचे अक्षर 'हाताके' : त्याच चौकोनाच्या डाव्या हाताला आग. आपल्या कोकणात राब भाजतात, तसे तिकडे रान जाळून शेत करीत, त्याची ही खूण. खाचराच्या खाली 'बळ' काढले की 'पुरुष' होतो. (हे अक्षर ज्याने केले, त्याने आमच्याकडची भातलावणी पाहिली नसावी. भगिनींनी हरकत घेतली तर मी त्यांच्या बाजूने आहे.) एक झाड म्हणजे झाड, दोन झाडे म्हणजे राई, तीन म्हणजे जंगल. अशी पन्नास अक्षरे तर खेळता खेळता होतात. पुढची मात्र गिरवूनच होतात.

शब्दांतही शेतकऱ्याला फायदा आहे. शहरी माणसाला तांदूळ नि भात यापलीकडे कळत नाही. जपानीत उभे पीक 'इने', सालीसकट दाणा 'मोमि', तांदूळ 'कोमे', शिजलेला भात 'गोहान', आणि लावणीला 'ताउए'. एवढे वेगवेगळे शब्द कशाला, हे भात लावणाऱ्या घरात समजावून सांगावे लागत नाही.

आता ठेच कुठे लागते ते. एक, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या, 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'किते कुदासाइ' म्हणजे 'या', 'कित्ते कुदासाइ' म्हणजे 'कापा'. मालक 'इकडे या' म्हणाला आणि आपण वेल कापून मोकळे झालो, असे व्हायला नको. पण आपल्या कानाला गडी आणि गड्डी यांतला फरक कळतो, त्यामुळे थोड्या सरावाने हे जमते. दोन, मोजणी. लांबट वस्तूला वेगळा शब्द, चपटीला वेगळा, मोठ्या जनावराला वेगळा. काकड्या मोजताना 'इप्पोन, निहोन, सानबोन' असा आवाजही बदलतो. इथे पाठांतराला पर्याय नाही. तीन, मोठे आकडे. त्यांच्यात लाख नाही. दहा हजारांचा एक 'मान', लाख म्हणजे दहा मान, दहा लाख म्हणजे शंभर मान. पगार नि कर्ज बोलताना हा हिशेब पक्का हवा, नाही तर एक शून्य इकडचे तिकडे होते.

आणखी एक गोष्ट. जे.एल.पी.टी.त बोलण्याची परीक्षाच नाही. वाचून आणि ऐकून खुणा करायच्या. म्हणून कागदावर पास झालेला मुलगा तिकडे उतरल्यावर मुका होऊ शकतो. यासाठी पहिल्या दिवसापासून मोठ्याने बोलायला लावा. जपान फाउंडेशनचे 'इरोदोरी' नावाचे पुस्तक, तिकडे राहून काम करणाऱ्यांसाठीच केलेले, मोबाइलवर आवाजासकट फुकट उतरवून घेता येते. गोठ्यात धार काढताना ते ऐकत राहावे. म्हशीची काही तक्रार नसते.

परीक्षेत येवोत न येवोत, काही शब्द मी आधी पाठ करून घेईन. 'आबुनाइ' म्हणजे सांभाळ, धोका आहे. 'तोमारे' म्हणजे थांब. 'किकेन' म्हणजे धोकादायक, हे यंत्रावर लिहिलेले असते. 'दोकु' म्हणजे विष, 'नोओयाकु' म्हणजे कीटकनाशक वगैरे शेतीची औषधे. 'सावारानाइदे कुदासाइ' म्हणजे हात लावू नका. फवारणीची विषबाधा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या घरांना वेगळे सांगायला नको. डब्यावरचे ते एक अक्षर ओळखता येणे हे पन्नास गुणांपेक्षा मोलाचे आहे. तसेच पैशाचे शब्द : 'क्यूर्यो' पगार, 'झांग्यो' जादा काम, 'यासुमि' सुट्टी, 'क्यूकेइ' विश्रांती. जपानच्या श्रम कायद्यातली कामाचे तास, विश्रांती आणि सुट्टी यांची कलमे शेतीकामाला लागू नाहीत. तेव्हा करारात जे लिहिले असेल, त्याला फार महत्त्व आहे. तो करार मुलाला समजेल अशा भाषेत हातात मिळाल्याशिवाय सही होऊ देऊ नका.

एजंटाबद्दल थोडक्यात. परदेशी कामाला माणसे पाठवणारा १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचे नाव तपासता येते. जपानच्या या योजनेत कामगाराकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून अनामत ठेवून घ्यायला, आणि काम सोडल्यास दंड असा करार करायला मनाई आहे. कुणी मूळ दाखले किंवा पासपोर्ट 'ठेवून घेतो' म्हणाला, तर चहा पिऊन घरी यावे.

आणि म्हैस विकण्याआधी एवढे करा. वही, पेन्सिल आणि घरातला मोबाइल एवढ्या भांडवलावर मुलाला किंवा मुलीला दोन महिने घरीच बसवा. हिरागाना, काताकाना, शंभर शब्द, पन्नास वाक्ये. तेवढे झाले आणि तरीही ओढ टिकली, तर क्लासचे पैसे जरूर भरा, आधी एन-५ द्यायला लावा, मग एन-४. दोन महिन्यांत वही कोरी राहिली, तरी म्हैस दावणीला आहेच.

पुढच्या अंकी हरभऱ्यावरील घाटेअळी. शेतात पक्षी बसायला काठ्या रोवायच्या आहेत, त्या आताच तोडून ठेवा.