स्वतःला लिहून काढणारा प्रोग्राम आणि आपण वाणिज्यवाले

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाशी टॅली आणि एक्सेल एवढाच संबंध ठेवावा, प्रोग्राम लिहिण्याचे काम विज्ञानवाल्यांवर सोपवावे, आणि ज्याचे शालेय शिक्षण मराठी वा कन्नड माध्यमातून झाले त्याने तर त्या वाटेला जाऊच नये, असा एक समज आपल्या चिकोडी-निपाणीकडे मूळ धरून आहे. मी वाणिज्य शाखेची, मराठी शाळेत शिकलेली. मला हा समज मुळीच मान्य नाही. का, ते एका कोड्यावरून सांगते.

कोडे असे : चालविला असता स्वतःचाच संपूर्ण मजकूर, एका स्वल्पविरामाचाही फरक न होता, छापून दाखवील असा प्रोग्राम लिहा. मात्र स्वतःची फाईल उघडून तीतून उतरवून घ्यायचे नाही. (जर्नले उतरविण्यात आपण विद्यार्थी किती तरबेज आहोत, हे प्राध्यापकांना मी सांगायला नको!) रिकामा प्रोग्रामही खरा धरत नाहीत. दुर्बोध सी प्रोग्रामांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 1994 साली एकाने शून्य अक्षरांचा प्रोग्राम पाठवून नियमांच्या सर्वांत वाईट दुरुपयोगाचे बक्षीस मिळविले होते.

प्रथमदर्शनी हे अशक्य वाटते. 'छाप' अशी आज्ञा लिहिली की तिच्यापुढे छापायचा मजकूर हवा. त्या मजकुरात 'छाप' ही आज्ञाही हवी. तिच्यापुढे पुन्हा मजकूर. हनुमंताच्या शेपटीसारखे ते वाढतच जाते. परंतु गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या 1938 सालच्या प्रमेयावरून असा प्रोग्राम असलाच पाहिजे असे निघते. त्याला 'क्वाइन' म्हणतात. विलार्ड क्वाइन या तत्त्वज्ञाचे हे नाव डग्लस हॉफस्टॅटर यांच्या 1979 सालच्या ग्रंथामुळे रूढ झाले.

युक्ती साध्या मराठीत सांगता येते. ही आज्ञा पाहा :

पुढील मजकूर दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत : “पुढील मजकूर दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत :”

वाचकहो, कागद घ्या आणि आज्ञा तंतोतंत पाळा. जे लिहून होईल ते हेच वाक्य असेल. एकच मजकूर, पण एकदा तो हुकूम आहे आणि एकदा नुसता माल. निपाणीच्या पेढीवर तंबाखू उधार विकली की तीच रक्कम गिऱ्हाइकाच्या नावे आणि विक्री खाती जमा होते. द्विनोंदी पद्धत ज्याच्या हाडीमासी भिनली आहे, त्याला हे कळायला विज्ञानवाल्यापेक्षा जास्त वेळ का लागावा?

राहिला भाषेचा प्रश्न. चिकोडी हे तालुक्याचे गाव आहे. 'चिकोडी' तीन अक्षरी आहे. गावाला अक्षरे नसतात, नावाला असतात. हा भेद पाणिनीने ओळखला होता. व्याकरणात शब्द आला की, पारिभाषिक संज्ञा वगळता, त्याने त्याचे स्वतःचे रूप घ्यावे असा नियमच त्याने केला. आणि आपण तर हा भेद बसस्टँडवर उभे राहून दोन भाषांत करतो. “येतो” म्हणून गेला; “बर्तेनि” अंत होद. 'म्हणून' आणि 'अंत' ही आपली बोलण्यातली अवतरणचिन्हेच होत. पायथन भाषेत हा प्रोग्राम एका ओळीत बसतो, इंग्रजी शब्द लागतो एक, 'प्रिंट'. त्या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलाचे नावही देवनागरीत ठेवता येते.

“पण याचा उपयोग काय?” असे कोणी विचारील. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांचे ट्यूरिंग पुरस्काराच्या वेळचे व्याख्यान 1984 साली प्रसिद्ध झाले. त्यात ते याच कोड्यापासून निघतात आणि भलत्याच ठिकाणी पोचतात. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरविणारा दुसरा प्रोग्राम असतो, त्यास कंपायलर म्हणतात. त्यात एक चोरवाट अशी पेरता येते की कंपायलरची नवी प्रत तयार होताना ती आपोआप पुन्हा आत शिरते. मग मूळ मजकूर पानन् पान तपासा, सगळा स्वच्छ! चोर त्या मजकुरात नसतोच, तो तयार यंत्रभाषेत दडलेला असतो.

कंपनीचा अधिकारी वा नोकर तिचा लेखापरीक्षक होऊ शकत नाही, हे 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम आपण पाठ करतो. का होऊ शकत नाही, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा थॉम्प्सन यांच्याकडून अधिक कळले. रोजकीर्द आणि खतावणी आता संगणकात गेल्या आहेत. उद्या आपल्यापैकी काहीजण त्या तपासायला बसतील. ज्याला फक्त कळा दाबणे शिकविले, तो पडद्यावर आलेल्या ताळेबंदाला कोणता प्रश्न विचारणार? म्हणून टॅलीच्या तासांतले चार तास या एका कोड्यासाठी द्यावेत, आणि ते मराठीत व कन्नडात समजावून द्यावे, अशी माझी प्राध्यापकवर्गास विनंती आहे.

युसुके एन्दो या जपानी प्रोग्रामरने याहून पुढची मजल मारली आहे. त्यांचा रूबी भाषेतला प्रोग्राम रस्ट भाषेतला प्रोग्राम छापतो, तो पुढच्या भाषेतला, असे करीत 128 भाषा फिरून शेवटी मूळ प्रोग्राम जसाच्या तसा परत येतो. आपल्या अंकाला विभाग दोनच, आणि एका विभागाचे वाचक दुसऱ्याची पाने सहसा उलटत नाहीत. तेव्हा पुढील अंकासाठी संपादक मंडळाने हे कोडे दोन्ही विभागांत छापावे : असे मराठी वाक्य लिहा की जे पाळले असता एक कन्नड वाक्य लिहून होईल, आणि ते पाळले असता पहिले मराठी वाक्य परत मिळेल. आलेली उत्तरे दोन्ही लिपींत पाळून पाहण्याचे काम मी करीन.