प्रत ताजी की शिळी?

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी पोथ्या जपून ठेवल्या आहेत. याच शहरात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे वारले. अस्सल कागदांचा आग्रह धरणारा हा माणूस. पोथीच्या शेवटी लेखनिकाने शक-तिथी नोंदवलेली असली की अभ्यासकाचं काम सोपं होतं. नसली तर अक्षराचं वळण आणि कागद पाहून काळ ठरवायचा.

प्रतीचा काळ ठरवण्याचं हेच काम ब्राउझरही गेली तीस वर्षं करत आला आहे. पान नि त्याच्या जावास्क्रिप्ट फाइली तो एकदा उतरवून घेतो आणि पुढे तीच प्रत वापरतो. ती किती वेळ चालेल आणि मूळ फाइल बदलली आहे का, हे सर्व्हरने सांगायचं, यासाठी १९९७च्या एचटीटीपी १.१ मध्ये 'कॅश-कंट्रोल' आणि 'ईटॅग' या सूचना आल्या. सर्व्हर गप्प राहिला, तर ब्राउझर अंदाज बांधतो: फाइल दहा दिवसांपूर्वी बदललेली असेल, तर साधारण दिवसभर ती ताजी धरायची.

ब्राउझरांमधली खरी फाटाफूट झाली ती रीलोडमध्ये. पूर्वी रीलोड केलं की पानावरच्या प्रत्येक फाइलीची सर्व्हरकडे पुन्हा चौकशी व्हायची. २०१७च्या सुरुवातीला क्रोमने ठरवलं, मुख्य पानाची खातरजमा पुरे, बाकी फाइली नेहमीच्या नियमाने साठ्यातून घेऊ. फायरफॉक्सने त्याआधीच वेगळी वाट धरली होती: फाइल कधीच बदलणार नाही, असं साइटने लिहून दिलं तरच चौकशी टाळायची. मला फायरफॉक्सची तेव्हाची रीत जास्त सरळ वाटते.

'मागे' या बटणाची कथा आणखी लांबली. फायरफॉक्स २००५पासून अख्खं पान, चालत्या स्क्रिप्टसकट, गोठवून ठेवतो. संगणकावरच्या क्रोमला तिथे पोचायला २०२१ उजाडलं. आता जळगावच्या सराफ बाजारातला सोन्याचा भाव दाखवणारं पान घ्या. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊन परतलं, की पान गोठवलेलं नसेल तर स्क्रिप्ट नव्याने चालून ताजा भाव येणार, गोठवलेलं असेल तर मघाचाच आकडा. संगणकावर सगळं नव्याने उतरवणारी कंट्रोल-एफ५ ही कळ तरी आहे. रावेर-यावलचा केळीवाला भाव बघतो मोबाइलवर. तिथे ही कळच नाही, आणि 'हिस्ट्री क्लिअर करा' हा सल्ला म्हणजे साइटवाल्याने आपलं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं.

स्क्रिप्ट बदलली की फाइलीच्या नावातला आवृत्तीचा आकडा बदलावा आणि भावाच्या पानाला 'वापरण्यापूर्वी सर्व्हरला विचार' अशी सूचना जोडावी. पान गोठलेल्या अवस्थेतून परतलं, तर ब्राउझर 'पेजशो' या इव्हेंटमधून स्क्रिप्टला तसं कळवतो. भाव पुन्हा मागवायला एवढी खबर पुरते.