तळघरातल्या पोराला विचारा

'डिस्टोपिया' हा शब्द आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. पडद्यावर आभाळ काळं, भिंतीवर कॅमेरे, रस्त्यावर यंत्रपोलीस, की झाला डिस्टोपिया! पांढरपेशा समीक्षकही तेवढ्यावर खूश. मला हे मंजूर नाही. नुसते हाल म्हणजे डिस्टोपिया नव्हे. दुष्काळात माणूस मरतो, भूकंपात मरतो. ते संकट झालं. डिस्टोपिया ही व्यवस्था असते. कुणीतरी बसून ती आखलेली असते. तिला कायदा असतो, पोथी असते, शाळा असते. ती मोडली म्हणून माणूस चिरडत नाही, ती बिनबोभाट चालते म्हणून चिरडतो.

मुळापासून बघा. १५१६ साली थॉमस मोरनं 'युटोपिया' लिहिलं. आदर्श बेट. खाजगी मालमत्ता नाही, दिवसाला सहा तास काम, सोन्याला कवडीची किंमत नाही. वा रे वा! पण त्याच बेटावर गुलाम आहेत आणि त्यांच्या अंगावर त्याच सोन्याच्या बेड्या आहेत. जनावरं कापायची ती शहराबाहेर, आणि तीही गुलामांनी. नागरिकांनी कापली तर त्यांच्या काळजातली दया आटेल ना! म्हणजे दया नागरिकाची, सुरी गुलामाची. गावकुसाबाहेर वाढलेल्याला यातली गोम फोडून सांगावी लागत नाही. नागरिक या बेटाला स्वर्ग म्हणणार. बेडीतला माणूस काय म्हणेल? त्याला कुणी विचारलंच नाही.

आता अल्डस हक्सलेचं 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' घ्या. साल १९३२. माणसं आईच्या पोटात नाही, बाटलीत वाढतात. आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन अशा पाच पायऱ्या, आणि त्यांना हक्सले स्वतःच 'कास्ट' म्हणतो. खालच्या पायरीच्या गर्भाला प्राणवायू कमी द्यायचा, म्हणजे मेंदू वाढायला नको. पुढं पोरं झोपली की त्यांच्या कानाशी रात्रभर घोकंपट्टी चालवायची: वरच्याला मान द्या, खालच्याची किळस करा, आपण आहोत तिथंच बरे आहोत. हा हक्सले १९२५-२६ मध्ये हिंदुस्थान फिरून गेला होता, प्रवासाचं पुस्तकही त्यानं १९२६ मध्ये छापलं. इथं पाहिलेलं तिथं उतरवलं असा दावा मी करत नाही. पण कादंबरीनंतर चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगितलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, एकावर एक रचलेली. त्याच पुस्तकात पेशव्यांच्या पुण्यातला अस्पृश्य आहे: गळ्यात मडकं, कमरेला झाडू. हक्सलेला प्रयोगशाळा लागली. इथं आईचं पोट पुरलं.

आणि गंमत अशी की हक्सलेच्या त्या राज्यात कुणी रडत नाही. 'सोमा'ची गोळी घेतली की सगळे मजेत. तेव्हा दुःख किती, हे मोजून डिस्टोपिया ओळखता येत नाही. माझ्या लेखी खुणा दोन. एक, जन्मानं दिलेल्या जागेवरून उठायला दार नाही. दोन, दार नाही हे म्हणायला शब्दसुद्धा नाहीत. ऑर्वेलनं ही दुसरी खूण बरोबर धरली. १९४९ च्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये सत्ता दरसाल कोशातून शब्द छाटते. बंडाला शब्दच उरला नाही, तर बंड मनात तरी कसं येणार?

पण ऑर्वेलशीही माझं भांडण आहे. त्याच्या राज्यात शंभरातली पंच्याऐंशी माणसं 'प्रोल', म्हणजे राबणारी. कहाणी मात्र पक्षात नोकरी करणाऱ्या विन्स्टनची. आशा आहे ती प्रोलांवरच, असं तो डायरीत लिहितो. आणि प्रोल दिसतात कशा? खिडकीतून. खाली अंगणात एक बाई लंगोट वाळत घालतेय, गातेय. तिला नाव नाही. मार्गारेट अ‍ॅटवुडच्या १९८५ च्या 'द हँडमेड्स टेल'मध्ये बाईचं नाव, पैसा, कूस सगळं हिसकावलं जातं. जबरदस्त पुस्तक. इतिहासात घडलं नाही असं त्यात काही घातलं नाही, असं ती स्वतः सांगते. पण त्या देशातल्या काळ्या माणसांचं काय झालं? टीव्हीवरच्या बातमीत दोन ओळी: त्यांना दूर नेऊन वसवलं जातंय. बस्स, विषय संपला! गुलामीत ज्यांच्या आज्यांची कूस खरोखर विकली गेली, त्यांची ही वासलात.

म्हणून मला उर्सुला ले ग्विनची १९७३ मधली ओमेलासची गोष्ट महत्त्वाची वाटते. सुंदर शहर, सण, संगीत. आणि एका तळघरात कोंडलेलं, स्वतःच्याच घाणीत बसलेलं एक पोर. शहराचं सगळं सुख त्या पोराच्या हालांवर उभं आहे, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. काहींना ते सोसवत नाही, ते शहर सोडून चालते होतात. वाचक हळहळतो, त्यांना थोर म्हणतो. अरे, पण पोर तिथंच आहे! दार कुणी उघडलं? निघून जायचीही मुभा ज्याला आहे तो वरच्याच मजल्यावरचा. एन. के. जेमिसिन या काळ्या लेखिकेनं २०१८ मध्ये या गोष्टीला उत्तर म्हणून गोष्ट लिहिली, ती थांबून लढणाऱ्यांची. मी त्या बाजूचा.

तेव्हा कुठला समाज डिस्टोपिया, हे ठरवायचा अधिकार तळघरातल्या पोराचा. खिडकीतल्या विन्स्टनचा नाही, शहर सोडून जाणाऱ्याचाही नाही.

आपल्यातली पोरंपोरी आता भविष्यातल्या शहरांच्या गोष्टी लिहायला लागलीत. लिहा, जोरात लिहा. पण उडत्या मोटारी काढण्याआधी त्या शहराची गटारं काढा. त्यात कोण उतरतं ते लिहा, त्याला नाव द्या, त्याच्या तोंडून शहर सांगा. हातानं मैला उचलायला बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा नवा झाला. माणसं गटारात गुदमरून अजून मरतात, आणि वर शहर वेळेवर कामाला लागतं.